घर क्रमांक १४ पुढे लिहिलेले 'बाधित नाही' हे शब्द खोडण्याबाबत

प्रति,
मा. सहायक अभियंता साहेब,
पूरनिवारण व सांडपाणी विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : घर क्रमांक १४, उताराची गल्ली. व्यवसाय रंगकाम.

विषय : पूरबाधित घरांच्या यादीत घर क्रमांक १४ घेऊन, पावसाळ्यापूर्वी गटाराच्या जोडावर उलटे पाणी रोखणारी झडप बसवून मिळणेबाबत.

संदर्भ :
१) माझे अर्ज, दि. २ ऑगस्ट, १९ सप्टेंबर, ७ डिसेंबर व ११ मार्च.
२) आपल्या कार्यालयाचे पत्र, दि. २९ मार्च ("सदर घर यादीत नसल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे").
३) विमा कंपनीचे पत्र, दि. १४ एप्रिल ("स्थानिक कार्यालयाच्या यादीत घर नसल्याने दावा विचारात घेता येत नाही").

महोदय,

याआधीचे चार अर्ज मी एकेका पानात बसवले होते. थोडक्यात लिहा, साहेबांना वेळ नसतो, असे आवक खिडकीवरच्या बाईंनी सांगितले होते. उत्तर आले तेही थोडक्यातच आले. म्हणून हा पाचवा अर्ज सगळे सांगून लिहीत आहे. लांबला आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो, पण शेवटपर्यंत वाचावा.

१. मी त्रेसष्ट वर्षांचा असून चाळीस वर्षे लोकांची घरे रंगवतो. पाट्याही रंगवतो. आपल्या कार्यालयातील 'चौकशी' ही पाटी माझ्याच हातची आहे. त्या खिडकीत कोणी बसत नाही, हा भाग वेगळा. घरात मी आणि माझी पत्नी, दोघेच. पत्नीला तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय साथ देत नाहीत. डोके आणि जीभ पूर्वीसारखी चालते, जीभ जरा जास्तच. घर बैठे आहे. पुढची खोली, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून मोरी. गल्लीचा रस्ता दर दुरुस्तीला थोडा थोडा वर येत गेला आणि घर होते तिथेच राहिले, त्यामुळे आता दारातून दोन पायऱ्या खाली उतरून आत यावे लागते. पत्नीची खाट पुढच्या खोलीत आहे. खाटेशेजारची भिंत आमची आणि शेजारच्या घड्याळजींची एकच आहे. हा तपशील पुढे लागणार आहे, म्हणून लिहिला.

२. गेल्या वर्षी २२ जुलै रोजी आपल्या कार्यालयाची गाडी भोंगा लावून गल्लीतून गेली. "सखल भागातील रहिवाशांनी आपापल्या घराचे रक्षण करावे," असे ती सांगत होती. कसे करावे ते कळायच्या आत गाडी कोपऱ्यावर वळली. मग मी माझ्या अकलेने केले. दाराच्या चौकटीत आडव्या फळ्या बसवल्या, त्यांच्यामागे वाळूची सहा पोती रचली आणि फळ्यांच्या सगळ्या फटी पुट्टीने भरून काढल्या. पुट्टी भरण्यात माझा हात धरणारा या भागात कोणी नाही, हे मी आढ्यतेने नाही, माहितीसाठी लिहितो. खिडकी बंद करण्याआधी घड्याळजी तिच्यातून डोकावले आणि म्हणाले, "रंगारीबुवा, मुंगी शिरायची नाही." मग खिडकीच्या फटीही भरल्या. पत्नी खाटेवरून बघत होती. ती एवढेच म्हणाली, "दाराला लावलीत, मोरीला काय लावताय?" मी म्हटले, मोरीतून पाणी बाहेर जाते, आत येत नाही. असे मी म्हटले होते, हे या अर्जात लेखी कबूल करतो.

३. दि. २३ जुलै रोजी सकाळी सातच्या सुमारास गल्लीत गुडघाभर पाणी झाले. घड्याळजींचे कुटुंब त्याआधीच शाळेच्या इमारतीत गेले होते. आम्हालाही चला म्हणत होते, पण पत्नीला भर पावसातून नेण्यापेक्षा बंद घर बरे, असा मी विचार केला. दार एक थेंब आत घेत नव्हते. मी खुर्चीत बसून चहा घेतला. साडेसात वाजता पत्नी म्हणाली, "अहो, मोरीत कुणीतरी गुळण्या करतंय."

जाऊन पाहिले तर मोरीच्या जाळीतून काळे पाणी वर येत होते. मी रंग पुसायची फडकी तिच्यात कोंबली, वर भरलेला रंगाचा डबा ठेवला, डब्यावर वीट ठेवली. पाण्याने वीट, डबा आणि मला, तिघांनाही बाजूला सारले. साडेआठपर्यंत खाटेची गादी भिजू लागली. तेव्हा मी रंगकामाच्या दोन घोड्या, म्हणजे ज्यांवर फळी टाकून आम्ही उंचावरचे काम करतो त्या, आणून फळी टाकली आणि पत्नीला उचलून फळीवर बसवले. फळी एक फूट रुंद. जमिनीपासून तीन फूट दोन इंच उंच. पाणी शेवटी दोन फूट नऊ इंचांवर थांबले. तिचे दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात होते.

४. महोदय, इथे एक गोष्ट समजून घ्यावी. पत्नीला उजवीकडचा तोल राहत नाही. फळीवर ती नुसती बसू शकत नाही, कोणीतरी धरावे लागते. मी हात सोडला की ती उजवीकडे कलते. म्हणून सकाळी साडेआठपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत, दहा तास, मी पाण्यात उभा राहून तिला धरून होतो. दार तिथून अकरा फुटांवर आहे. हे अंतर मी नंतर मोजले. त्या दिवशी ते मोजण्यासारखे वाटले नाही.

एकदा प्रयत्न केला. तिला खांद्यावर घेऊन दाराकडे चार पावले गेलो. पाण्याखाली ऑइलपेंटचा डबा कलंडला होता, त्यावरून पाय घसरला आणि आम्ही दोघेही नाकातोंडात पाणी जाईपर्यंत बुडालो. कशीबशी तिला पुन्हा फळीवर चढवली. त्यानंतर माझी हिंमत झाली नाही.

बाहेरचे पाणी अकराच्या आत ओसरले, हे आम्हाला संध्याकाळी कळले. आमच्या घरातले ओसरले नाही. मोरीत कोंबलेली फडकी पाण्याच्या ओढीने नळीत आत जाऊन बसली होती आणि दाराची पुट्टी मी मघाशी सांगितले तशी उत्तम भरलेली होती. बाहेर गल्ली वाळत होती आणि आम्ही हौदात होतो. पत्नी म्हणाली, "इतकं चांगलं काम लोकांच्या घरी करत जाऊ नका, कुणी मरेल." ती हसत होती. मग रडली. मग पुन्हा मलाच समजावू लागली.

५. आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या कार्यालयातील यादी करणारे गृहस्थ त्याच दिवशी गल्लीत फिरले. त्यांच्या नोंदवहीच्या पानाची नक्कल मी रीतसर अर्ज करून मिळवली आहे. त्यात पुढीलप्रमाणे लिहिले आहे : "घर क्र. १४. वेळ दु. १२.४०. दार बंद. प्रतिसाद नाही. उंबरा कोरडा. बाहेरील भिंतीवर पाण्याची खूण नाही. बाधित नाही."

दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही दोघे दारापासून अकरा फुटांवर होतो. दार दोनदा वाजले, ते आम्ही दोघांनीही ऐकले. मी ओरडलो. पत्नी ओरडली. बाहेर गल्लीत पाणी उपसायचे पंप चालू होते आणि दाराच्या फटीत पुट्टी होती, त्यामुळे आमचा आवाज बाहेर गेला नसावा. त्यांचा मात्र आत आला. "बंद आहे, कोरडं आहे, पुढे चला," असे ते कोणालातरी म्हणाले. मग पावले लांब गेली.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांनी जे पाहिले ते लिहिले. उंबरा खरोखरच कोरडा होता. बाहेरच्या भिंतीला डाग धरत नाही असा रंग मीच दोन वर्षांपूर्वी दिला आहे. पण राग नाही असे लिहिताना हात जड होतो, तेही सांगून टाकतो.

६. संध्याकाळी घड्याळजी शाळेतून परतले. त्यांच्यामागून आम्हीही कुठेतरी निघून गेलो असू, असे तेही समजत होते. पत्नीने डाव्या हाताने डब्याचे झाकण सामाईक भिंतीवर आपटणे दुपारपासून मधूनमधून सुरू ठेवले होते. तो आवाज त्यांनी ऐकला आणि हातोडीने खिडकी फोडली. खिडकीतून पहिल्यांदा पाणी नाही, त्यांचा आवाज आत आला : "वहिनी, मी आलोय." पत्नीचे पाय पुढे आठ दिवस सुजलेले होते. दवाखान्याचा कागद सोबत जोडला आहे.

७. पाणी गेल्यावर भिंतीवर रेघ राहिली. गाळाची, तपकिरी, बोटभर जाड. पुढच्या खोलीच्या चारही भिंतींवर. आम्ही खाट वाळवून पुन्हा जागेवर ठेवली तेव्हा ती रेघ पत्नीच्या उशीपासून सव्वा फूट वर आली. म्हणजे ती निजली की वर बघताच तिला कळे की पाणी कुठवर होते आणि आपण किती खाली आहोत. दोन दिवस ती डोळे मिटूनच पडून राहिली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "एवढी रेघ तेवढी घालवा."

तिने माझ्याकडे आजवर फारसे काही मागितलेले नाही. मी २६ जुलैला भिंत रंगवली. ओल्या भिंतीवर रंग देऊ नये, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असते. भिंत पुरती सुकायला दोन महिने तरी लागतात. त्याआधी वरून कितीही रंग द्या, डाग आतून वर येतो. चाळीस वर्षांत मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो आणि स्वतःच्या घरात ओल्या भिंतीवर ब्रश चालवला. कपाट पुढे ओढून त्याच्या मागेही रंग दिला. कपाटामागची जागा सोडणारा रंगारी मी नव्हे. ती सोडली असती तर आज हा अर्ज लिहावा लागला नसता, असे विमा कंपनीचे पाहणी अधिकारी म्हणाले.

तेव्हापासून दर चार-पाच आठवड्यांनी ती रेघ पुन्हा वर येते. पत्नी दर मंगळवारी सकाळी घड्याळजींच्या सौभाग्यवतींबरोबर व्यायामाला जाते. ती गेली की मी डाग दाबणारा ऑइल प्रायमर देतो, वर रंग देतो, खिडकी उघडी टाकतो. ती परतली की काहीच झाले नाही असे दाखवतो. आजपर्यंत नऊ वेळा.

८. विम्याबद्दल. घराचा विमा आम्ही चार वर्षांपूर्वी घेतला, तोही माझा मेहुणा विमा विकतो म्हणून. त्याने समजावून सांगितले ते असे : "भावोजी, पाणी आलं की आम्ही आलोच." पाणी आले. मेहुणा अजून यायचा आहे.

तेव्हा सही करताना मी एकही पान वाचले नव्हते. आता चौदाही पाने वाचली आहेत, काही तीन-तीनदा, आणि थोडेफार कळू लागले आहे. इमारत वेगळी आणि घरातल्या वस्तू वेगळ्या, दोन्हींचा विमा वेगवेगळा घ्यावा लागतो. आमचा दोन्हींचा आहे. माझे ब्रश, घोड्या आणि डबे 'व्यवसायाचे साहित्य' असल्याने ते कशातच बसत नाहीत. ज्या फळीने बायको वाचली ती फळी विम्याच्या लेखी घरात नव्हती. पूर म्हणजे बाहेरून जमिनीवरून येणारे पाणी. गटारातून उलटे वर येणारे पाणी हा निराळा प्रकार, त्याला जोड-कलम लागते. ते कलम आमच्या पॉलिसीत आहे. का आहे ते मेहुण्यालाही फोनवर सांगता आले नाही, पण आहे.

नववे पान मात्र मला आजही नीट कळलेले नाही. त्यातील कलम सात सांगते की नुकसान वाढू नये म्हणून घरमालकाने ताबडतोब वाजवी उपाय करावेत. कलम आठ सांगते की पाहणी होईपर्यंत नुकसानीच्या खुणा जशाच्या तशा ठेवाव्यात. मी चिखल काढला, भिंत पुसली, रंगवली. कलम सातप्रमाणे मी शहाणा ठरतो आणि त्याच्याच खालच्या ओळीत लबाड. पाहणी अधिकारी ३१ जुलैला आले तेव्हा त्यांना स्वच्छ पांढरे घर दिसले. ते म्हणाले, "काका, इथे पूर आला होता असं वाटतच नाही." मला ती माझ्या कामाची तारीफ वाटली. मी धन्यवाद म्हणालो.

९. मी त्यांना म्हटले, रंग खरवडतो, खाली रेघ आहे. त्यावर ते अतिशय सभ्यपणे म्हणाले, "तुम्ही रंगारी. रेघा मारणं तुमचा धंदा. ही तुम्हीच मारली नाही कशावरून?" स्थानिक कार्यालयाच्या यादीत नाव असेल तर रेघेची गरज नाही, असेही त्यांनी सांगितले. मी आपल्या कार्यालयात आलो. इथे सांगण्यात आले की विमा कंपनीच्या पाहणीत पाणी आल्याचे सिद्ध झाले तर यादीचा फेरविचार करता येईल. मी कंपनीकडे गेलो. कंपनीने यादी मागितली. दोन्ही कार्यालयांच्या मध्ये पंचवीस मिनिटांचा रस्ता आहे. तो मी आता डोळे मिटून चालू शकतो.

१०. रेघ माझी नाही, पाण्याची आहे, हे मी माझ्या धंद्याच्याच आधाराने सिद्ध करून देतो. आमच्या घराची जमीन पुढून मागे, मोरीकडे उतरती आहे. रंगारी पट्टा मारतो तो जमिनीपासून सगळीकडे सारखी उंची मोजून, कारण बघणाऱ्याची नजर जमिनीबरोबर चालते. माझ्या घरातली रेघ पुढच्या दाराशी जमिनीपासून दोन फूट नऊ इंचांवर आहे आणि मोरीच्या तोंडाशी तीन फूट एक इंचावर. तिला पाणसळ लावून बघावी, बुडबुडा मधोमध राहील. इतकी सरळ रेघ मला चाळीस वर्षांत मारता आलेली नाही. भिंतीच्या पलीकडे घड्याळजींकडेही हीच रेघ आहे, कपाटामागे, अगदी याच उंचीवर. त्यांचे घर यादीत आहे. एकाच भिंतीच्या त्या बाजूला पूर आला आणि या बाजूला आला नाही, असे सध्या आपले दप्तर म्हणते. मी ही गोष्ट आपल्या कार्यालयात सांगितली तेव्हा "प्रत्येक घर हे स्वतंत्र एकक आहे" असे उत्तर मिळाले. पाण्याला हे कळवण्यात आले होते किंवा कसे, ते समजले नाही. हे वाक्य उद्धट झाले आहे. खोडायला हवे होते, पण राहू देतो.

११. आता निकड. विम्याचे जे व्हायचे ते होवो; तो दावा नामंजूर झाला तरी आम्ही जगू. पण झडपेचे तसे नाही. आपल्या विभागाने यादीतील घरांच्या गटारजोडांवर झडपा बसवण्याचे काम काढले आहे. गटारातले पाणी उलटे फिरले की झडप आपोआप मिटते. फार चांगली योजना आहे. घर क्रमांक १३ ला झडप बसली. घर क्रमांक १५ ला बसली. मधले वगळून पलीकडे जाताना आपल्या माणसांनी माझ्या दारापुढचा खड्डा बुजवूनही दिला.

त्या कामावरच्या नळकारागिराला मी विचारले की आता आमचे काय होईल. त्याने पाना पुसला आणि म्हणाला, "काका, खरं सांगू का? आजूबाजूची सगळी तोंडं मिटली की पाणी उघड्या तोंडातून येणार. तुमच्याच मोरीतून. आणि गेल्या वेळेपेक्षा लवकर." मी म्हटले, माझ्या खर्चाने बसव. तो म्हणाला की जोड रस्त्याखाली आहे, रस्ता कार्यालयाचा आहे, यादीत नसलेल्या घरासाठी फावडे मारले तर त्याचा परवाना जाईल. तेही बरोबरच आहे.

काम ३१ मे रोजी संपणार, असे फलकावर लिहिले आहे. (फलक माझ्या हातचा नाही. अक्षर वाईट आहे.)

मी माझ्या परीने तयारी केली आहे. खाट विटांवर चढवली आहे. चारही पायांखाली तीन-तीन विटा झाल्या, त्यापुढे पत्नीला चढता-उतरता येत नाही. घोड्या आणि फळी पुढच्या खोलीतच ठेवल्या आहेत. फळीला उजव्या बाजूने आधाराचा दांडा ठोकला आहे, म्हणजे मला एक हात मोकळा राहील. मोरीच्या जाळीवर झाकण बसवले आहे, पण ते किती टिकेल हे नळकारागिराच्या चेहऱ्यावर दिसले. गेल्या वर्षी मी दहा तास उभा राहिलो. यंदा मी एका वर्षाने मोठा आहे. महोदय, मला भीती वाटते. पाण्याची नाही, माझे हात सुटतील याची वाटते. हे मी पत्नीला सांगितलेले नाही, आपल्यालाच सांगत आहे.

१२. सबब विनंती की,

(अ) घर क्रमांक १४ ची नोंद दुरुस्त करून ते पूरबाधित यादीत घ्यावे आणि ३१ मेपूर्वी झडप बसवावी.

(आ) तशा नोंदीचा दाखला द्यावा, म्हणजे विमा कंपनीला दाखवता येईल.

(इ) हे शक्य नसेल तर, पुढच्या वेळी पाणी आल्यास दार बंद ठेवावे की उघडे, याबाबत लेखी मार्गदर्शन व्हावे. दार बंद ठेवले तर घराचे रक्षण होते पण नोंद होत नाही. उघडे ठेवले तर नोंद होते आणि घर जाते. यादी करणारे गृहस्थ किती वाजता येणार ते आधी कळवल्यास त्या वेळेपुरते दार उघडता येईल का, तेही पाहतो.

(ई) आणि यातले काहीच ठरवण्यापूर्वी आपण स्वतः येऊन भिंत पाहावी. यासाठी येत्या मंगळवारी सकाळी दहा ते साडेदहा ही वेळ मागतो. पत्नी पावणेदहाला व्यायामाला निघते आणि साडेबाराला परतते. ती वळणापलीकडे गेली की मी खाटेवरची भिंत वीतभर रुंद खरवडतो. रेघ निघेल. आपण पाणसळ लावावी, मोजमाप घ्यावे, फोटो काढावा, पाहिजे तर त्यावर सही करावी. पावणेअकराला मला पुट्टी भरायला घ्यावी लागेल, तिला तासभर लागतो, वर प्रायमर आणि रंग. म्हणून आपण उशीर करू नये, अशी हात जोडून विनंती आहे. तिने ती रेघ पुन्हा पाहू नये, एवढे मला सांभाळायचे आहे. तिच्यासाठीच ती पुसली होती आणि तिच्यासाठीच आता ती परत दाखवावी लागत आहे. यात माझी काय अवस्था होते ते अर्जात लिहिण्याजोगे नाही.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
घर क्रमांक १४ चा रंगारी
दि. ९ मे

सोबत जोडले आहे :
१) नोंदवहीच्या पानाची नक्कल, वेळ दु. १२.४०.
२) दवाखान्याचा कागद, दि. २४ जुलै.
३) विमा पॉलिसीचे नववे पान, कलम सात व आठ अधोरेखित.
४) घड्याळजींचे निवेदन, सहीसह. त्यांच्या घरातल्याच दुकानातील भिंतीवरचे खालच्या रांगेतले एक घड्याळ सकाळी ८ वाजून ५२ मिनिटांनी पाण्याने बंद पडले. ते त्यांनी मुद्दाम दुरुस्त केलेले नाही. पाहायला मिळेल.
५) घराचा आराखडा, मी काढलेला. दार आणि फळी यांमधले अंतर लाल शाईने दाखवले आहे.

ता. क. :
अर्ज पाकिटात घालण्यापूर्वी चष्मा शोधायला आत गेलो, तेवढ्यात पत्नीने तो खाटेवर पडल्या पडल्या सगळा वाचला. परिच्छेद सातसुद्धा आणि परिच्छेद अकरासुद्धा. ती काय म्हणाली ते आपणांस कळवणे भाग आहे, कारण त्यामुळे अर्जात दुरुस्ती होत आहे.

ती म्हणाली, "मंगळवारी घरात पाऊल टाकलं की प्रायमरचा वास येतो. वास आला की मला कळतं, रेघ परत आली होती. नऊ नाही, दहा वेळा झालं. एकदा तुम्ही मोजायला विसरलात. मी काही बोलले नाही, कारण रंग दिला की तुम्हाला रात्री झोप लागायची." मग म्हणाली, "हात सुटायचं म्हणाल तर मलाही एक धड हात आहे. मीही धरून होते तुम्हाला. ते लिहिलं नाहीत."

ते राहून गेले होते. इथे लिहितो : दहा तास तीही मला धरून होती.

सबब परिच्छेद १२ (ई) मधील वेळेची अट रद्द समजावी. मंगळवारचीच वाट पाहायला नको. आपल्याला सोयीच्या कोणत्याही दिवशी यावे. पत्नी घरीच असेल आणि रेघ कुठे होती ते स्वतः दाखवेल. खाटेवरची भिंत मी आज सकाळी तिच्यासमोरच खरवडली. ती आता तशीच राहील.

एक गोष्ट तिने मुद्दाम लिहायला सांगितली आहे. साहेबांनी येताना दार वाजवावे आणि वाजवल्यावर जरा थांबावे. आम्हाला दारापर्यंत यायला वेळ लागतो.